दगडाला कान लावणारे आप्पा

नळदुर्गात आमच्या शेजारी राहणारे आप्पा दगड दिसला की हातोडीनं टकटक करतात, कान लावतात आणि किती दाबाला फुटेल ते सांगतात. एका लग्नात त्यांनी बुंदीचा लाडू ताटावर आपटला. वाढप्याला म्हणाले, "ह्याच्यावर मजला चढव, काय होत न्हाय." वधूपिता शेजारीच बसले होते.

आप्पांची सगळी नोकरी तेलविहिरींवर झाली. तिथं खोलवरचा दगड किती दाब सोसेल हे आधी कळावं लागतं, नाहीतर विहीर आतून ढासळते. प्रत्येक थराचा दगड वर कोण आणणार? म्हणून त्यातून आवाज किती वेगानं जातो ते मोजायचं आणि ताकदीचा अंदाज बांधायचा. "पर एक तुकडा यंत्रात फोडून ताडून बघितल्याबिगर तोंड उघडायचं न्हाय," हा त्यांचा नियम.

मी पत्रकं काढतो, म्हणजे तोंड उघडणं हेच माझं काम. वस्तीच्या पाण्याच्या टाकीचा पाया खणत होते, तेव्हा मी कडेला पहार हाणली. भद्द आवाज आला. झालं. 'मुरमावर टाकी, जनतेच्या जिवाशी खेळ' असं पत्रक छापलं. रविवारी वाटायचं, सोमवारी काम बंद पाडायचं.

आप्पांनी ते माझ्या दारात उभं राहून वाचलं.

"पहार कुठं मारलीस?"

"वर, कडेला."

"वरचा थर कुजल्यालाच असतोय. तळाला विचारलंस का?"

"आप्पा, तुम्ही ठेकेदाराच्या बाजूचे का?"

"मी दगडाच्या बाजूचा."

अठ्ठ्याहत्तरीचे आप्पा तळाचे तुकडे पिशवीत घालून एसटीनं सोलापूरला गेले. तिथल्या एका कॉलेजात ते यंत्राखाली फोडून घेतले आणि शनिवारी परतले. "यंत्राला घाम फुटला रं. बांधू दे टाकी."

पत्रकं वाटली असती तर वस्तीनं आणखी एक उन्हाळा टँकरची वाट बघत काढला असता, तोही माझ्यामुळं. स्वतःची चूक मी सहसा छापत नाही. ही छापतोय.

नळाला पाणी आलं त्या दिवशी पेढे घेऊन प्रथमच त्यांच्या घरात गेलो. मला बसवायला आप्पांना वेळ लागला. दुसऱ्या खुर्चीवर दगड रचलेले होते आणि दगडांवर बोटभर धूळ. मी आभार मानले, ते त्यांनी ऐकलेच नाहीत. चहा मात्र दोनदा केला.

निघालो तर फाटकापर्यंत आले.

"उद्या ये की," म्हणाले. "काम न्हाय म्हणून थांबू नको."