टॅग न काढलेले मुखवटे

चौधरी मास्तरांनी काढलेले चित्र हॉलवाल्यांनी फेकून दिले, असे मी आमच्या मराठी मंडळाला सांगितले होते. ते खोटे होते. चित्र मीच काढून नेले होते.

मास्तर हे जव्हारकडचे निवृत्त चित्रकला शिक्षक. इथे अमेरिकेत, ईडन प्रेरीला मुलाकडे राहत. पिझ्झाच्या खोक्यांची झाकणे जपून ठेवत आणि त्यांवर आम्हां सभ्य मंडळींची व्यंगचित्रे काढत. तुपकट डाग असेल तेथे नेमके कोणाचे तरी पोट येई. "डाग आयता मिळाला, पोट तुमचं."

घरांच्या किमतींबरोबर आमची डोकीही चढली होती, त्या वर्षी मंडळाला मास्करेड बॉलची हुक्की आली. रविवारी मुलांना संस्कारवर्गात श्लोक शिकवणारे आम्ही शनिवारी पिसांचे मुखवटे लावून दुसऱ्यांच्या बायकांशी नाचणार होतो. "मास्तरांना नको यार, बोअर होतील," सचिव म्हणाला. मी अध्यक्ष, मी मान डोलावली.

माझा कोल्ह्याचा मुखवटा मास्तरांनी आधीच घरी येऊन पाहिला होता.

"टॅग का ठेवलाय?"

"बॉल झाला की दुकानात रिटर्न करायचाय."

"आमच्याकडे बोहाड्यात देवांचे मुखवटे घालून नाचतात. आधी नमस्कार, मग चढवायचा. तुम्ही आधी पावती जपता."

बॉलच्या संध्याकाळी हॉलच्या दारावर झाकण चिकटवलेले होते. त्यात सारे मुखवटे नाचत होते आणि प्रत्येकाच्या कानामागे टॅग लोंबत होता. व्यासपीठावरून एक कोल्हा 'आपली संस्कृती' या विषयावर बोलत होता. त्याचा टॅग सर्वांत लांब होता. कोणी नीट पाहण्याआधी मी ते उपटले, विचारणाऱ्यांना हॉलवाल्यांचे नाव सांगितले आणि घरी गॅरेजमध्ये दडवले.

पुढे गॅरेज आवरताना ते पुन्हा हाती आले. रागाच्या भरात न दिसलेली एक रिकामी खुर्ची कोपऱ्यात होती. तिच्यावर मिशाळ मुखवटा होता. त्याला टॅग नव्हता.

झाकण पिशवीत घालून मी मास्तरांकडे गेलो. तोच मुखवटा, कागदाच्या लगद्याचा, त्यांच्या पलंगाच्या वर भिंतीला टांगलेला होता.

"हा केव्हा केलात?"

"तुमच्या बॉलसाठी. मुलगा-सून आत गेली, मी पार्किंगमध्ये गाडीत बसून होतो, हा मांडीवर घेऊन. म्हटलं, चित्र बघून तरी कोणी विचारील, म्हातारा कुठाय, बोलवा त्याला. नाचता येतं हो मला." ते थोडे हसले. "पण हॉलवाल्यांनी फेकलं ना."

मी पिशवीतून झाकण काढून त्यांच्यापुढे ठेवले.

"हॉलवाल्यांनी नाही, मास्तर. मी काढलं. तुम्हाला बोलवायचं नाही, त्यालाही मान मीच डोलावली. माझं चुकलं. मला क्षमा करा."