लटारूभाऊचा शेवट

"शेवट फुसका आहे, पुन्हा लिहा," असं कळवून नागपूरच्या संपादकांनी इसरू मास्तरांची कथा परत पाठवली. कथेतला म्हातारा शेजारच्या लटारूभाऊवर बेतलेला होता. मास्तरांनी नावही बदललं नव्हतं. रविवारी सकाळी ओसरीत बसून त्यांनी म्हाताऱ्याला मारून टाकलं आणि बायकोला, सुकरीला, नवा शेवट खड्या आवाजात वाचून दाखवला.

"लटारू पहाटेच गेला. तोंडात पाणी घालायलाही कोणी नव्हतं."

"बिचारा," सुकरी डोळे पुसत म्हणाली.

कुंपणापलीकडे केसरबाई गोवऱ्या थापत होती. ते कानावर पडताच तशाच हातांनी ती लटारूच्या दाराशी धावली. दार लोटलेलं, हाकेला ओ नाही. लटारू अंधारातच मोहफुलं वेचायला रानात गेला होता, हे तिला कुठून ठाऊक असणार?

तिच्या ओरडण्याने गाव जमलं, पण आत पाऊल टाकायची कोणाची छाती झाली नाही. "पोरगा येऊ द्या अगुदर," गावातले जाणते दादाजी म्हणाले. पोरगा देवाजी गडचिरोलीला, नव्या जिल्ह्याच्या कचेरीत शिपाई होता. बापाशी भांडून गेला तो गेलाच. धानोऱ्याहून गडचिरोलीला निघालेल्या एस.टी.च्या कंडक्टरकडे निरोप दिला आणि लोक तिरडीसाठी बांबू तोडायला लागले.

रडारड ऐकून मास्तर बाहेर आले. "कोण गेलं?"

"लटारूभाऊ. तुमीच तं सांगतलं," केसरबाई म्हणाली.

"अहो, ते गोष्टीतलं होतं."

दादाजींना हे पटेना. "असं कसं, मास्तर? तिरडी बांधून झाली न."

तेवढ्यात डोक्यावर टोपली घेऊन लटारू आला. त्याने तिरडीकडे पाहिलं.

"कोनाची होय?"

"तुमचीच, भाऊ," केसरबाई खाली मान घालून म्हणाली.

लटारूने तिरडीभोवती फेरी मारली. "आखूड बांधली," म्हणाला.

"देवाजीले निरोप धाडला," दादाजी पुटपुटले.

लटारूने टोपली उतरवली आणि एस.टी.च्या थांब्याची वाट धरली. अपराध्यासारखे मास्तर मागे गेले. दोघं पळसाखाली बसून राहिले.

दुपारी तीच एस.टी. गडचिरोलीहून परत आली. दोन बाया उतरल्या. कंडक्टरने खिडकीतून मास्तरांना सांगितलं, "निरोप देल्ला, मास्तर. बाप गेला म्हून सांगतलं. पाहतो म्हणे."

गाडी गेली. धूळ बसेपर्यंत लटारू रस्त्याकडे पाहत राहिला.

"मास्तर, तुमच्या गोष्टीत पोरगा येते का?"

गोष्टीत पोरगा नव्हताच. "येते, भाऊ," मास्तर म्हणाले.

"रडते?"

"रडते."

लटारूने धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. "लय नोका रडवू. त्याले सरदी होते."