हुद्द्याप्रमाणे इंच

मेंग दू-शिकने पाचही खेळाडूंसाठी एकाच मापाचे स्क्रीन सुचवले, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

विभागप्रमुख प्यो साहेबांनी कागद वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि पुन्हा वाचला.

"मेंग, अरे हे काय आहे?"

"चोवीस इंची पाच स्क्रीन, साहेब. स्पर्धेसाठी."

"चोवीस? आमच्या घरचा टीव्ही पासष्ट इंची आहे!"

"टीव्ही आपण लांबून बघतो, साहेब. इथे बसायचं हातभर अंतरावर. सगळा खेळ एका नजरेत मावला पाहिजे, नाहीतर मान फिरवेपर्यंत समोरचा गोळी घालून जातो. शिवाय चित्रात ठिपके जितके जास्त, तितकं कॉम्प्युटरवर ओझं. खेळ अडखळतो."

"ते असू दे. पण त्या नव्या दा-सोमलाही चोवीस आणि मलाही चोवीस?"

"हो, साहेब."

"तिच्या खुर्चीला हात आहेत?"

"नाहीत."

"माझ्या खुर्चीला?"

"आहेत."

"मग?"

या 'मग'ला उत्तर देणारा माणूस कंपनीच्या स्थापनेपासून कुणी पाहिला नव्हता.

कंपनी दक्षिण कोरियातल्या देगू शहरात होती आणि किमचीचं लोणचं ठेवायच्या फ्रिजच्या दाराला लागणाऱ्या रबरी पट्ट्या बनवत होती. दर शरद ऋतूत सगळ्या कर्मचाऱ्यांना डोंगर चढायला नेण्याची तिथे प्रथा होती. या वर्षी अध्यक्ष नामगुंग यांच्या गुडघ्यांनी डोंगराला नकार दिला. त्यामुळे तरुण पिढीला डोंगर आवडत नाहीत असा शोध त्यांना लागला आणि डोंगराऐवजी कॉम्प्युटरवरच्या खेळाची स्पर्धा जाहीर झाली. मुख्य कचेरी विरुद्ध उल्सान शाखा. दोन्हीकडे पाच-पाच जण, हातात बंदुका, आणि जो मेला त्याने डाव संपेपर्यंत गप्प बसायचं. मुख्य कचेरीचं नेतृत्व अध्यक्ष स्वतः करणार होते. "खेळात कुणी साहेब नाही आणि कुणी कारकून नाही!" असं त्यांनी सभेत उभं राहून सांगितलं. ते उभे राहिले म्हणून सगळे उभे राहिले आणि ते बसेपर्यंत कुणी बसलं नाही.

तयारीचं काम मेंगकडे आलं, कारण या एका विषयात त्याचं खरंखुरं शिक्षण झालं होतं. घरच्यांना वाटायचं पोरगा शिकवणीला जातोय. पोरगा शिकवणीच्या खालच्या मजल्यावरच्या पीसी बांगमध्ये, म्हणजे गेमच्या अड्ड्यावर, एका हाताने नूडल्स खात आणि दुसऱ्या हाताने माऊस हलवत, भाड्याच्या कॉम्प्युटरवर शहरं जिंकत असायचा. आता तो अडतीस वर्षांचा होता आणि त्याच्या नावापुढे अजूनही 'सहायक' हाच हुद्दा होता. दोनदा त्याची बढती हुकली होती. छुसोकच्या सणाला सासरी गेलं की साडू दोन्ही हातांनी त्याच्या पेल्यात दारू ओतायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने विचारायचा, "मग, दू-शिक, यंदा तरी व्हिजिटिंग कार्ड बदललं का?" बायको तेव्हा ताटातल्या भाजीकडे बघत बसायची. मेंगला त्या प्रश्नापेक्षा बायकोचं ते खाली बघणं जास्त लागायचं.

प्यो साहेबांना हे पक्कं ठाऊक होतं. "बढतीची यादी स्पर्धेनंतरच्या सोमवारी वर जाते," ते म्हणाले. "तुझं नाव मी तिसऱ्यांदा घालतोय. चौथ्यांदा घालायला मला लाज वाटेल."

मेंगने कागद परत घेतला.

दुसऱ्या दिवशी नवा कागद तयार झाला. दा-सोमला अडगळीतला बावीस इंची. सहायक मेंगला चोवीस. उपविभागप्रमुख योम बाईंना सत्तावीस. प्यो साहेबांना बत्तीस. आणि अध्यक्षांना एकोणपन्नास. ठिपक्यांचंही तसंच. प्यो साहेबांना कुठून तरी कळलं की स्क्रीनवरचे ठिपकेही कमी-जास्त असतात. मग काय, अध्यक्षांच्या स्क्रीनवर मेंगच्या चौपट ठिपके मागवले गेले. सगळे पैसे स्क्रीनमध्येच गेल्यामुळे कॉम्प्युटर मात्र पाचही जणांचे तेच जुने राहिले.

"म्हणजे ज्याला सगळ्यात कमी दिसतं, त्याला सगळ्यात मोठा," दा-सोम म्हणाली. ती सव्वीस वर्षांची होती, कचेरीत सगळ्यात चांगली खेळायची आणि हळू बोलायला अजून शिकली नव्हती.

"हळू बोल," मेंग म्हणाला.

सरावाच्या पहिल्या दिवशी अध्यक्ष आले, पायांत सपाता घालून बसले, आणि मेंगने वाकून दोन्ही हातांनी त्यांना माऊस दिला. स्क्रीन त्यांच्यासमोर भिंतीसारखा उभा होता. "वा!" अध्यक्ष म्हणाले. "वा, वा!" बाकीचे म्हणाले. मग नेटवरच्या अनोळखी पोरांशी खेळ सुरू झाला.

अध्यक्ष डावीकडे बघत असताना त्यांना उजवीकडून गोळी लागली. पुढच्या डावात ते उजवीकडे बघत बसले, तेव्हा डावीकडून लागली. त्यानंतर त्यांनी मान सारखी इकडून तिकडे फिरवत ठेवली, बॅडमिंटनचा सामना बघतात तशी. त्याने मान अवघडली, पण मरण काही चुकलं नाही. त्यात चौपट ठिपके ओढता ओढता कॉम्प्युटर धापा टाकत होता. शत्रू आधी एका दारात दिसायचा, मग एकदम नाकासमोर. मधला प्रवास दाखवायला कॉम्प्युटरला सवडच मिळत नव्हती.

"कसा आहे स्क्रीन, अध्यक्षसाहेब?" प्यो साहेबांनी विचारलं.

"भव्य आहे," मान चोळत अध्यक्ष म्हणाले. "पण ही नेटवरची मुलं फार उद्धट आहेत. ओळखदेख नाही आणि थेट गोळ्या घालतात!"

त्या संध्याकाळी प्यो साहेबांनी मेंगला जिन्यात गाठलं. "अध्यक्ष मिनिटाच्या आत मरतायत. काहीतरी कर."

"साहेब, लहान स्क्रीन दिला तर—"

"आणि तो त्यांच्यासमोर ठेवणार कोण? तू?"

 व्हिजिटिंग कार्ड पुन्हा हातातून निसटताना मेंगला दिसत होतं, आणि त्याला खरोखर भीती वाटली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले, तेव्हा तो अध्यक्षांच्या खुर्चीच्या कडेला टेकला. पूर्ण बसायची त्याची छाती झाली नाही. त्याने ठिपके चौथ्या हिश्श्यावर आणले आणि चित्र ताणलं जाऊ नये अशी सोय केली. एकोणपन्नास इंची भिंतीच्या मधोमध चोवीस इंचांचं नेटकं चित्र उमटलं, अगदी मेंगच्या स्क्रीनएवढं. त्याच्या चहूबाजूंनी काळाकुट्ट रुंद काठ राहिला.

अध्यक्ष आले आणि थबकले. "हे काळं काय आहे?"

खोलीतल्या सगळ्यांनी मेंगकडे पाहिलं. मेंगच्या तोंडून जे निघालं, ते त्याने आधी योजलेलं नव्हतं.

"काठ आहे, अध्यक्षसाहेब. सेनापतीचा काठ. मोठमोठे खेळाडू नजर स्थिर राहावी म्हणून ठेवतात. लहान स्क्रीनला तो शोभत नाही. त्याला मुळात स्क्रीनच मोठा लागतो."

अध्यक्षांनी मान डोलावली, बसले आणि पाचव्या मिनिटाला त्यांनी आयुष्यातला पहिला शत्रू मारला. इतक्या टाळ्या पडल्या, की हिशेब विभागातले लोक काय झालं ते बघायला धावत आले.

मेंगने सुटकेचा श्वास टाकला तोच प्यो साहेब कानाशी लागले. "माझा काठ कुठाय?"

"साहेब, तुम्हाला गरज नाही—"

"गरज नाही म्हणजे? अध्यक्षांना आहे, मला नाही? लोकांना काय वाटेल?"

झालं. संध्याकाळपर्यंत काठाचीही विभागणी झाली. अध्यक्षांना वीतभर, प्यो साहेबांना चार बोटं, योम बाईंना दोन बोटं. त्याखालच्यांना काठ नाही. बत्तीस इंची स्क्रीनला चारी बाजूंनी चार-चार बोटं काठ लावल्यावर प्यो साहेबांसमोर जे चित्र उरलं, ते अडगळीतल्या बावीस इंचीपेक्षाही लहान होतं. ते पुढे वाकून, डोळे बारीक करून खेळू लागले आणि मोठ्या आवाजात म्हणाले, "आता कसं स्वच्छ दिसतंय!"

योम बाई बिचाऱ्या समजूतदार होत्या. त्यांनी मेंगला हळूच विचारलं, "माझा एक बोट कमी करता येईल का रे? कुणाला सांगू नकोस. वरच्या बाजूचा कर, तिकडे कोण बघतंय?"

स्पर्धेच्या दिवशी उल्सानची माणसं बसने आली. त्यांचे शाखाप्रमुख बे यांनी दारातच अध्यक्षांना कमरेत वाकून नमस्कार केला, आणि त्यांचे पाचही खेळाडू त्यांच्यामागे ओळीने वाकले. मग खेळ सुरू झाला. प्यो साहेब पहिल्याच वळणावर गेले. योम बाईंनी एकाला टिपलं आणि त्याही गेल्या. दा-सोमने अडगळीतल्या स्क्रीनवरून दोघांना लोळवलं, तेवढ्यात मागून तिला गोळी लागली. मेंगने आणखी एकाला टिपलं. उल्सानचा एकच पोरगा उरला. इकडे मेंग आणि अध्यक्ष.

तो पोरगा मेंगला समोर स्पष्ट दिसत होता. बोट हलवायचा अवकाश होता. पण शेवटचा शत्रू अध्यक्षांच्या आधी आपण मारायचा? मेंगने बोट आवरलं आणि तो एका पिंपामागे जाऊन बसला.

अध्यक्ष भर मैदानातून चालत निघाले. भिंतीचा आडोसा नाही, वाकणं नाही, कारखान्याच्या पाहणीला निघाल्यासारखे. त्या पोराची बंदूक त्यांच्यावर रोखलेली होती, आणि उल्सानच्या बाजूने बे साहेबांचा दबका आवाज सगळ्यांना ऐकू आला:

"खबरदार! अध्यक्ष आहेत ते!"

पोराने बंदूक खाली केली. आणि आता करायचं काय ते न सुचून त्याने आपल्या सैनिकाला गुडघ्यावर बसवलं. अध्यक्षांनी जवळ जाऊन, नीट नेम धरून, आठ गोळ्या झाडल्या. सात भिंतीला लागल्या.

पुढचे सगळे डाव असेच झाले. उल्सानची मंडळी प्यो साहेबांना उत्साहाने मारत होती आणि अध्यक्ष दिसले की वाट सोडत होती. एकाने तर त्यांच्यासाठी दार उघडून धरलं. दिवसाअखेर अध्यक्ष एकदाही मेलेले नव्हते. आपल्या मुलाबाळांसमोरही ते इतके खूश कुणाला दिसले नव्हते.

रात्रीच्या मेजवानीत, जाळीवर मांस चरचरत असताना, अध्यक्षांनी पेला उंचावला. "उल्सानचे लोक चांगले खेळले. पण आमच्याकडे काठ होता! ही कल्पना कुणाची?"

"आपल्या मेंगची, अध्यक्षसाहेब," प्यो साहेब म्हणाले. "माझ्या मार्गदर्शनाखाली."

"आणि हा माणूस अजून सहायक आहे?"

मोठ्यांसमोर पिताना वळवतात तशी मान वळवून मेंगने पेला रिकामा केला. त्याचे डोळे भरून आले. बायको आता ताटात बघणार नाही, एवढंच त्याच्या मनात आलं.

सोमवारी मेंग उपविभागप्रमुख झाला. नवी कार्डं आली. भांडारातला माणूस त्याचा चोवीस इंची स्क्रीन उचलून दा-सोमच्या टेबलावर ठेवून गेला. मेंगसमोर सत्तावीस इंची बसला आणि नियमाप्रमाणे त्याला दोन बोटं काठ लागला. पट्ट्यांच्या मागणीचा तक्ता उघडला, तर आकडे मुंग्यांएवढे दिसू लागले. मेंगने खुर्ची पुढे ओढली आणि डोळे बारीक केले. मग त्याचं लक्ष पलीकडे गेलं. दा-सोमचा तक्ता काठोकाठ पसरला होता, आणि ती आरामात मागे टेकून तो वाचत होती.

त्याने मोजपट्टी काढली. काठ सोडून त्याचं चित्र एकवीस इंच भरलं. तिचं चोवीस होतं.

दा-सोमने हे पाहिलं. "साहेब, काठ काढून देऊ का? दोन मिनिटांचं काम आहे."

"काठ काढायचा?"

"अहो, तो खोटा आहे. तुम्हीच तर वेळ मारून न्यायला ती थाप मारली होती ना?"

मेंगला ते आठवलं, आणि क्षणभर तो खरोखर ओशाळला. कचेरीत यायच्या-जायच्या वाटेवर त्याचं टेबल होतं. येणारा-जाणारा प्रत्येक जण आधी स्क्रीनकडे बघायचा आणि मग नमस्कार किती वाकून करायचा ते ठरवायचा. सकाळपासून लोक बरेच वाकत होते.

"दा-सोम," तो म्हणाला, "काठ काढला तर लोकांना काय वाटेल?"

"मग?" तिने विचारलं.

मेंगने फोन उचलला आणि भांडाराचा नंबर फिरवला. "मेंग बोलतोय, उपविभागप्रमुख मेंग. नव्या लोकांसाठी एकोणीस इंची काही शिल्लक आहे का? जुना चालेल... हो, हो, आजच पाठवा." फोन ठेवून तो दा-सोमकडे वळला आणि मायेने म्हणाला, "लहान स्क्रीन डोळ्यांना बरा असतो."