शर्यत फाट्यापातूर

भूपालअण्णांच्या मोटारीला शाहूपुरीतल्या म्हशी मागे टाकायच्या. उगीच वाढवून सांगत नाही. संध्याकाळी धारेसाठी चौकाकडे निघालेल्या म्हशी मागून आल्या की अण्णा आपली हिरवी, बिनटपाची, दोन माणसांची विलायती मोटार कडेला घ्यायचे, उजवा हात बाहेर काढून म्हशींना ‘या, पुढे व्हा’ अशी रीतसर खूण करायचे आणि म्हशी त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता निघून जायच्या. सायकलवाल्यांची तर गोष्टच सोडा. मोटारीच्या काट्यावर ऐंशी मैलांचा आकडा होता. कोल्हापुरात तो काटा दहाच्या पुढे गेलेला कुणाच्या बापाने पाहिला नव्हता.

हाताच्या खुणांचं तर त्यांना व्यसनच होतं. एकदा पायी चालताना वळण आलं म्हणून त्यांनी उजवा हात सरळ बाहेर काढला, तो मागून येणाऱ्या गवळणीच्या दह्याच्या मडक्यावर. बाईने चौकात उभं राहून अण्णांच्या सात पिढ्या काढल्या. अण्णा शांत. ‘बाई, मी हात दावला हुता. तुमी थांबायला पायजे हुतं. नियम म्हंजे नियम.’

मी शाळामास्तर, आणि अण्णा माझ्या समोरच्या घरात राहायचे. मूळचे कोडोलीचे जैन, गुळाची अडत. लग्न केलं नव्हतं. का, ते विचारायची सोय नव्हती. देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी चुलत्यांनी त्यांना बॅरिस्टर व्हायला विलायतेला पाठवलं. परत आले ते मोटार घेऊन. बॅरिस्टरीचं काय झालं असं कुणी विचारलंच तर म्हणायचे, ‘ऱ्हायली तिकडंच. बोटीत एकच कायतरी मावत हुतं.’

रोज दिवस मावळायच्या आत जेवण उरकलं की मोटार बाहेर निघायची. शेजारच्या जागेवर त्यांची थोरली बहीण बसायची, तिला सगळी शाहूपुरी अक्काच म्हणायची. पांढऱ्या लुगड्याचा पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला, दोन्ही हात मांडीवर, देवदर्शनाला निघाल्यासारखी. मोटार इतकी हळू चालायची की लोक दाराला हात लावून शेजारून चालत गप्पा मारायचे. ‘काय अक्का, बरं हाय न्हवं?’ ‘अक्का, आमच्या थोरलीला लेक झाली बगा!’ अक्का आवाजाच्या दिशेला तोंड वळवून उत्तर द्यायची. तिच्या डोळ्यांत काचबिंदू होता. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की उरलीसुरली नजर आता फार दिवस टिकायची नाही.

तर हे असे गोगलगाईचे सख्खे भाऊ. आणि अडतीत गुळाच्या ढेपांना टेकून बसले की गोष्टी कसल्या, तर वेगाच्या! नवा माणूस आत आला की पहिलं वाक्य ठरलेलं, ‘पावणं, विलायतेत मी पोलिसाला शर्यतीत हरवलाय.’

झालं होतं असं. विलायतेत गावातून जाताना मोटार तीस मैलांच्या वर न्यायची नाही, हा कायदा. अण्णा एका खेड्यातून आपल्या नादात चालले होते, काटा तिसाच्या जरा पुढे. तेवढ्यात मागून घंटा वाजली. तिकडच्या पोलिसांच्या मोटारीला पुढे घंटा असते. ती वाजली म्हणजे मुकाट्याने थांबायचं, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. पण अण्णा पडले कोडोलीचे! कोडोलीकराच्या मागे घंटा वाजली तर ती बैलाच्या गळ्यातली, आणि तिचा अर्थ एकच, मागची गाडी तुझ्या पुढे जायला बघतेय.

‘रगात हाय की मास्तर!’ इथे अण्णा मांड ठोकून ताठ बसायचे. ‘अक्कानं ल्हानपणी शिकीवलंय. मागनं घंटा वाजली की मागं बघायचं न्हाय. म्हटलं, ह्यो गोरा आमाला घंटा दावतोय व्हय? दाबला पाय!’

गाव संपलं, टेकाड संपलं, घंटा पार मागे पडली. तेव्हा अण्णांनी मोठ्या मनाने मोटार थांबवली. आपल्याकडे शर्यत हरलेल्याने जिंकणाऱ्याच्या डोक्याला चारचौघांत फेटा बांधायचा असतो. हरलेल्याला तेवढी संधी द्यायला नको? लालबुंद झालेला पोलीस येऊन पोचला, तेव्हा अण्णा टोपी काढून, मान खाली घालून रस्त्यात उभे होते.

‘म्हटलं, फेटा नसंल तर नसू दे, निदान तुजी टोपी तरी घाल. पर त्यो नुसता बगतच ऱ्हायला. मीबी मान वर करीना. सन्मान घ्यायचा तर नीट घ्यावा!’

पोलिसाला वाटलं, बिचाऱ्याला पश्चात्ताप झालाय. मान जितकी वेळ खाली राहिली तितका तो विरघळत गेला. पुढे कोर्टात त्यानेच साक्ष दिली, की साहेब, एवढा शरमलेला आरोपी मी माझ्या नोकरीत पाहिलेला नाही. किरकोळ दंडावर भागलं. अण्णांना मात्र आपला सन्मान कोर्टातही झाला असंच शेवटपर्यंत वाटत होतं.

फ्रान्समधली गोष्ट याहून छोटी. तिथेही भरधाव जाताना एका मिशाळ पोलिसाने शिट्टी फुंकून अडवलं. ‘त्यो त्याच्या भाषेत बोंबलतोय, मी कोडोलीच्या. त्याला माजं कळंना, मला त्याचं. शेवटी दोगंबी दमलो, हात मिळीवला आन् निगालो. वकील मदी असता तर वरीसभर गेलं असतं.’

आता मला सांगा, असल्या माणसाने कोल्हापुरात म्हशींच्या मागे चालायचं म्हणजे लोक गप्प बसतील? त्यात आमच्या भागात बळवंतराव होते. तेलाच्या गिरणीचे मालक, आवाज भोंग्यासारखा, मिशा त्याहून मोठ्या. त्यांनी नवी कोरी अमेरिकन मोटार घेतली, खोलीएवढी लांब. अक्का बरोबर नव्हती अशा एका संध्याकाळी भर चौकात ती अण्णांच्या मोटारीला आडवी घालून ते ओरडले, ‘काय अण्णा, विलायतेत पळाली आन् हितं गाभण ऱ्हायली व्हय गाडी? हुन जाऊ दे एकदा! पंचगंगेच्या पुलापासनं मलकापूरच्या पेठेपातूर. हरल्यालानं सांजच्याला ह्याच चौकात फेटा बांदायचा. हाय का दम?’

सगळा चौक अण्णांकडे बघायला लागला. अण्णांनी हात बाहेर काढला, ‘पुढे व्हा’ अशी खूण केली आणि म्हशींच्या मागून निघून गेले.

मला असला संताप आला! समोर राहायचं मी, आणि शाळेत पोरांकडून ऐकून घ्यायचंही मीच. तरातरा गेलो आणि म्हटलं, ‘अण्णा, इंग्रजाला हरवल्याच्या बाता मारता आणि तेलवाल्यापुढे शेपूट घालता? तुमच्या विलायतेतल्या सगळ्या गोष्टी थापा आहेत, असं मी उद्यापासून सांगणार.’

अण्णा अंगणात मोटार पुसत होते. आवाज खाली आणून म्हणाले, ‘सांगा की. मास्तर, अक्का ऐन उमेदीत कपाळ पुसून परत आली न्हवं, तवापासनं ह्या घराच्या माजघरात बसली. रस्ता बघितला न्हाय का मानूस बघितलं न्हाय. मी विलायतेसनं आलो आन् हात धरून बाहेर काडली. आता तिला नीट दिसत न्हाय, माणसं ऐकू येत्यात तेवडीच. गाडी पळाली की माणसं मागं ऱ्हात्यात मास्तर. मग तिला काय ऐकू येनार? वारं?’

मी ज्या जोरात गेलो होतो तो सगळा जोर उतरला. तेवढ्यात उंबऱ्यातून आवाज आला.

‘वारं बी ऐकू दे की रं भूपाल!’

अक्का दाराला धरून उभी होती. आमचं सगळं तिने ऐकलं होतं. ‘उजेड हाय तवर एकदा पळव मला घिऊन. मागं जाणारं रान बगू दे. नजर गेल्यावर गाडी पळाली काय आन् हुबी ऱ्हायली काय, सारकंच.’

झालं! भावाची काय बिशाद पुढे बोलायची.

शर्यतीच्या दिवशी सकाळी पुलावर ही गर्दी. साक्षीदार म्हणून माझी नेमणूक झाली आणि अण्णांच्या मोटारीत तिसरी जागा नसल्यामुळे मला बळवंतरावांच्या मागच्या गादीवर बसवलं. पुढच्या मोटारीत अक्का. पदराचं टोक कमरेला खोचलेलं, एक हात दारावर. कुणीतरी रुमाल खाली टाकला आणि पुढे मी जे पाहिलं ते सांगतो, विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका. आमच्या पुढे नुसता धुरळा होता!

‘आयला, पळतोय की ह्यो!’ बळवंतराव स्टिअरिंगवर वाकले. केर्ली गाव मागे गेलं, घाट आला. अण्णांची ती इवलीशी मोटार प्रत्येक वळणाला अंग आत घेऊन सुळ्ळकन निघून जायची आणि आमची खोली मागून भेलकांडत यायची. बळवंतरावांनी हॉर्नवर जो हात ठेवला तो काढलाच नाही. पुढच्या मोटारीतली दोन डोकी एकदाही मागे वळली नाहीत. अक्काचा पदर मात्र डोक्यावरून उडाला होता आणि वाऱ्यावर फडफडत होता. तो सावरायला तिने हात वर केला नाही. एवढ्या वर्षांत अक्काचे केस मी पहिल्यांदा पाहिले, सगळे पांढरे झालेले. मी बळवंतरावांच्या मोटारीत बसून ‘शाब्बास अण्णा!’ म्हणून ओरडलो. बळवंतरावांनी आरशातून माझ्याकडे असं पाहिलं की मी घाटातच उतरतोय की काय असं वाटलं.

आणि मग कोडोलीकडे जाणारा फाटा आला. अण्णा चांगले पुढे होते. मलकापूर आता त्यांच्या खिशातच होतं म्हणा ना. तेवढ्यात पुढच्या मोटारीतून उजवा हात बाहेर आला, सरळ, रीतसर. मोटार हळू झाली, फाट्यावर उजवीकडे वळली आणि कडुलिंबाखाली थांबली. आम्ही भर्रकन पुढे निघून गेलो.

‘बंद पडली! बंद पडली!’ बळवंतराव मलकापूरपर्यंत हेच म्हणत होते. पेठेत त्यांना हार घातला, पेढा भरवला. मला पेढा गोड लागला नाही. परतताना फाट्यावर पाहतो तर हिरवी मोटार तिथेच. बळवंतराव गळ्यातल्या हारासकट मिशांना पीळ देत उतरले. समोरून अण्णा झपझप आले, थांबा म्हणून तळहात पुढे धरून.

‘बळवंतराव, तुमी जिंकलासा. सांजच्याला चौकात मी फेटा बांदतो, नियम म्हंजे नियम. गावाला खुशाल सांगा, अण्णा हरला म्हनून. फकस्त अक्काफुडं बोलू नका. पाया पडतो.’

‘पर गाडी चांगली हाय की! का थांबलासा?’

अण्णा मोटारीकडे पाठ करून बोलले. ‘आजारी बापाच्या जागंला अक्काच गाडी हाकायची. गूळ कोल्लापुरात उतरला की रिकाम्या गाड्या परत निगायच्या आन् ह्या फाट्यापातूर शर्यत लागायची. फाट्याला पयला त्यो जिंकला. मी तिच्या मांडीवर असायचो. तिला शर्यत म्हंजे ही एकच ठावं हाय, मलकापूरचं मी बोललोच न्हवतो. फाटा आला आन् तिनं टाळी वाजीवली. म्हनली, भूपाल, जिंकलो रं! आता फुडं कुटं जाऊ मी?’

इतक्यात मोटारीतून अक्काची हाक आली, ‘कोन हाय रं? मागं ऱ्हायल्यालं आलं व्हय?’

बळवंतरावांनी तोंड उघडलं. मी डोळे मिटून घेतले, म्हटलं आता भोंगा वाजणार. पण काही ऐकू आलं नाही. डोळे उघडले तेव्हा बळवंतराव गळ्यातला हार काढून आपल्या मोटारीत टाकत होते.

संध्याकाळी चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. मलकापूरची बातमी आमच्याआधी येऊन पोचली होती. अण्णा अक्काला घेऊन आले, मोटार कडेला घेतली आणि कोरा फेटा घेऊन खाली उतरले.

‘भूपाल, तुला बांदला का रं फेटा?’ अक्काने विचारलं.

अण्णा जागच्या जागी उभे राहिले. बळवंतराव गर्दी सारत पुढे आले, अण्णांच्या हातातला फेटा हिसकावून घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं गरजले, ‘बांदतोय की अक्का! तुमच्या भावानं धूळ चारली बगा आमाला. अण्णा, वाका खाली!’ मग गर्दीवर असे डोळे वटारले की कुणाची चकार शब्द काढायची छाती झाली नाही.

अण्णांनी मान खाली घातली. विलायतेतल्या त्या मानेची गोष्ट ऐकून आम्ही हजारदा हसलो होतो. त्या दिवशी कुणी हसलं नाही. फेटा बांधून झाला तरी अण्णांना मान वर करता येईना.

तसेच जाऊन ते मोटारीत बसले. अक्काने हात वर करून फेटा चाचपला, एकेक पीळ, शेवटी तुरा.

‘घट्ट बांदलाय,’ ती म्हणाली. ‘हरल्यालं मानूस चांगलं हाय रं.’

‘लई चांगलं हाय, अक्का,’ अण्णा म्हणाले. त्यांनी उजवा हात बाहेर काढून खूण केली आणि म्हशी पुढे गेल्यावर मोटार त्यांच्या मागून घराकडे निघाली.