खरेदी खात्याचा घोडा

खरेदी कशी करावी हे आमच्या सबंध शहरात फक्त दोन माणसांना कळतं. त्यातला एक मी, आणि दुसरा मला अजून भेटायचा आहे!

थट्टा नाही करत. पंप बनवणाऱ्या एका कारखान्याचं खरेदी खातं मी सांभाळतो. स्क्रूपासून बॉयलरपर्यंत काय वाट्टेल ते मी विकत घेतलं आहे, आणि प्रत्येक वेळी विकणारा माणूस रुमालानं मान पुसत बाहेर पडला आहे. माझं तंत्र अगदी सोपं. वस्तू कितीही आवडली तरी दाढ दुखत असल्यासारखा चेहरा ठेवायचा. मग तिच्यात चार उणिवा काढायच्या. मग उठायचं आणि सावकाश दाराकडे निघायचं. उंबऱ्यापर्यंत जायच्या आत मागून हाक येते, "अहो साहेब, थांबा तर!" ती हाक कानावर पडली की मला जे समाधान मिळतं ते लोकांना म्हणे गाण्यातून मिळतं.

तर एका रविवारी आमची कन्या घोडेस्वारीच्या शाळेतून रडत घरी आली.

गेली तीन वर्षं ती त्या शाळेत जाते. तिला सोडायचं-आणायचं काम रिक्षावाल्याचं, त्यामुळे आमची ही तिकडे कधी गेली नव्हती. मीही कधी फिरकलो नव्हतो, कारण रविवारी मी आठवडाभर वाचवलेल्या पैशांचा आनंद घेत झोपतो. शाळेत बदामी नावाचा एक घोडा आहे आणि आमची कन्या त्याच्याशिवाय दुसऱ्या कशावर बसत नाही, एवढं मला माहीत होतं. जेवताना शेजारच्या खुर्चीवर बसते ती नाइलाजानं!

"शाळा बंद होतेय, बाबा," ती हुंदके देत म्हणाली. "बाईंचे गुडघे गेले. सगळे घोडे विकणार आहेत त्या. बदामीपण!"

"मग आपण घेऊ," मी म्हणालो.

कन्येचं रडं जागच्या जागी थांबलं. हिनं हातातलं भांडं खाली ठेवलं. "अहो, खरंच?"

"मागच्या अंगणात शेड रिकामी पडलीये. पलीकडे मोकळं मैदान. हरकत काय आहे?"

"मग मी आत्ता जाऊन बाईंना सांगते!" कन्या उठलीच.

"खबरदार!" मी ओरडलो. "एक शब्द बोलायचा नाही! गिऱ्हाइकाच्या तोंडावर 'हवंय' असं दिसलं की भाव चढलाच म्हणून समज. सौदा पुरा होईपर्यंत तू त्या तबेल्याकडे फिरकायचं नाहीस. तुझा चेहरा म्हणजे उघडी तिजोरी आहे!"

"पण बाबा, बाई चांगल्या आहेत. सरळ विचारलं तर…"

"सरळ विचारून मी आजवर टाचणीसुद्धा घेतलेली नाही. निश्चिंत राहा. घोडा आपलाच."

कन्येनं आईकडे बघितलं. आईनं छताकडे बघितलं.

आमच्या खात्यात एक पद्धत आहे. माल विकणारा एकच असेल, तर आधी दुसऱ्या कुणाला तरी गिऱ्हाईक म्हणून पाठवायचं. त्यानं मालाला नावं ठेवायची आणि निघून यायचं. विकणाऱ्याचा धीर खचतो. मग आपण जायचं, तीच नावं पुन्हा ठेवायची. दोन अनोळखी माणसं एकच खोट काढतात म्हटल्यावर विकणारा आपोआप जमिनीवर येतो.

या कामासाठी मी मेहुण्याला बोलावलं. मेहुण्याचं कुलूप-किल्ल्यांचं दुकान आहे आणि त्याच दुकानाच्या माळ्यावर तो एकटा राहतो. स्वभावानं इतका भिडस्त की एखाद्यानं चुकून जादा पैसे दिले तर परत करताना हाच माफी मागतो. शिवाय जनावरांना घाबरतो. मांजर आडवी आली तर हा रस्ता बदलतो, अपशकुनाच्या भीतीनं नव्हे, मांजरीच्या! म्हटलं, याच्याहून चांगला माणूस मिळणार नाही. याला घोडा आवडायची शक्यताच नाही.

"भाऊजी, मी काय बोलू?" त्यानं विचारलं.

"तीन गोष्टी. कान मोठे आहेत. मागचा डावा पाय ओढतो. वय झालंय. म्हणायचं आणि बाहेर यायचं."

"आणि तो चावला तर?"

"तर चौथी गोष्ट म्हणून तेही सांग!"

पुढच्या रविवारी आम्ही तबेल्याच्या फाटकाबाहेर पोचलो. मेहुण्याला आत ढकललं आणि मी कुंपणाला टेकून थांबलो. खूप वेळ झाला. अखेर तो बाहेर आला. डोळे लाल, केस विस्कटलेले, खांद्यावर गवताची काडी.

"झालं?" मी विचारलं.

"झालं, भाऊजी," तो भरल्या आवाजात म्हणाला. त्यानं माझा हात दाबला आणि चालता झाला. बिचारा घाबरला असणार, असं मला वाटलं.

मग मी दाढ दुखत असल्यासारखा चेहरा केला आणि आत शिरलो.

आत पाहतो तर भलताच प्रकार! बाकावर गिऱ्हाइकं ओळीनं बसलेली. एक जोडपं गाजरांची जुडी घेऊन आलेलं. एक जाडे गृहस्थ डोळे मिटून काहीतरी पाठ करत होते. एकाच्याही तोंडी किमतीचं नाव नाही. मला वाटलं चुकून दवाखान्यात आलो.

तबेल्याच्या बाई एका स्टुलावर बसल्या होत्या, गुडघ्याला पट्टा बांधलेला. त्यांनी मला हाक मारली. मागे बदामी उभा होता. आता खरं सांगतो, घोडा देखणा होता हो! मान अशी, अंगावर अशी तुकतुकी, की माझा हात आपोआप पाकिटाकडे गेला. पण चेहऱ्यावर? नाव नको!

"बोला," बाई म्हणाल्या.

"सहज आलो होतो. या बाजूनं चाललो होतो. काय किंमत म्हणता याची?"

"किमतीचं शेवटी बघू. तुम्हाला राग येतो का?"

"म्हणजे?"

"घरी. कामावर. चिडता का चटकन?"

मी गोंधळलो. बॉयलर विकणाऱ्यानं मला असलं कधी विचारलं नव्हतं. "मी घोडा घ्यायला आलोय, बाई," मी म्हणालो.

"तेच ना. बाजार बदललाय आता. लोक हौसेनं घोडा नेतात आणि महिनाभरात कंटाळून विकून टाकतात. म्हणून आम्ही सगळ्या विकणाऱ्यांनी ठरवलंय, आता माणूस तपासायचा. घोडा काय, चांगलाच असतो. तुम्ही झोपता कधी?"

ही तर नवीनच चाल होती! बाई पक्क्या मुरलेल्या आहेत, हे मी ओळखलं. मीही कच्च्या गुरूचा चेला नव्हतो. "कान मोठे आहेत याचे," मी म्हणालो.

"हो."

"मागचा डावा पाय ओढतो."

"नाही ओढत."

"वय झालंय."

"तुमचंही झालंय. तुम्हाला तो आवडला का, एवढंच सांगा."

"छे! आवडण्यासारखं काय आहे त्याच्यात? पण आलोच आहे तर विचार करीन."

"मग राहू द्या," बाई शांतपणे म्हणाल्या. "पुढचे कोण?"

मी मनात हसलो. अगदी ठरल्यासारखं चाललं होतं! मी उठलो आणि सावकाश फाटकाकडे निघालो. हाक आली नाही. मी चाल आणखी मंद केली. फाटकाशी थांबून बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. हाक नाही. मग दुसऱ्या बुटाची. मागे वळून पाहिलं तर बाई त्या जाड्या गृहस्थांशी बोलत होत्या आणि माझ्याकडे फक्त घोडा बघत होता. म्हटलं, असू दे. उद्या फोन येईल. मग आठवलं, मी नंबरच दिला नव्हता!

संध्याकाळी मेहुणा घरी आला. सोफ्याच्या अगदी कडेवर बसला.

"भाऊजी, रागावू नका. एक घोटाळा झालाय. घोडा मला मिळाला."

माझ्या हातातला कप बशीवर आपटला. "तुला? तुला नावं ठेवायला पाठवलं होतं ना?"

"ठेवणारच होतो हो! कान म्हणायला तोंड उघडलं आणि त्यानं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. भाऊजी, माझ्या खांद्यावर आजवर कुणी डोकं ठेवलेलं नाही. मला रडूच आलं. बाईंनी विचारलं, का रडता? मी म्हटलं, दुकान बंद केल्यावर माझ्याशी कुणी बोलत नाही. त्या म्हणाल्या, याच्याशी बोलत जा. आणि संपलं!"

"मग सांग त्यांना, चूक झाली म्हणून!"

"कसं सांगू? त्यांनी माझी पाठ थोपटली हो." तो आणखी पुढे सरकला. आता सोफ्यावर तो जवळजवळ नव्हताच. "आणि आणखी एक. त्या उद्या घर बघायला येतायत, घोडा कुठे राहणार ते. दुकानाचा माळा कसा दाखवू? मी तुमचा पत्ता दिला."

कन्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तिनं विचारलं, "म्हणजे बदामी आपला झाला की नाही झाला?" मेहुण्यानं माझ्याकडे बोट दाखवलं आणि मी मेहुण्याकडे.

दुसऱ्या दिवसाची योजना मीच आखली. घर तेवढ्यापुरतं मेहुण्याचं. ही त्याची बहीण, राहायला आलेली. त्यात तरी निम्मं खरं होतं. कन्या शाळेत. मी ऑफिसात. बाई येतील, शेड पाहतील, जातील. घोडा एकदा अंगणात आला की पुढचं घरातल्या घरात!

पण बाई तासभर आधी आल्या आणि मी अजून स्वयंपाकघरातच होतो. मेहुण्याच्या मागोमाग बाईंच्या काठीचा आवाज जवळ येऊ लागला. पळायला वाट नव्हती. मी सिंकखाली घुसलो. हाताला एक पाना लागला, तो धरला.

"हे कोण?" बाईंचा आवाज आला.

"प्लंबर!" ही म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हिला इतक्या सहज खोटं बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून मी जरा विचारात आहे.

बाई वाकल्या. "यांना मी ओळखते! काल तबेल्यात येऊन बदामीला नावं ठेवत होते. अहो प्लंबर, तुम्हाला घोडे कशाला हवेत?"

"सहज गेलो होतो," मी पाइपाला म्हणालो. आणि आपण खरे प्लंबर वाटावं म्हणून पाना लावून एक नट फिरवला.

तो फिरवायला नको होता! पाण्याची धार थेट तोंडावर आली. मी किंचाळलो. मेहुणा "भाऊजी!" म्हणत धावला आणि घसरून माझ्यावर पडला. ही बादली शोधू लागली. नेमकी त्याच वेळी कन्या दप्तर घेऊन आत आली. शाळा लवकर सुटली होती.

"बाबा! तुम्ही सिंकखाली काय करताय?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग मेहुण्याकडे. पाणी त्यांच्या काठीपर्यंत आलं होतं.

"हे तुझे बाबा?" त्यांनी विचारलं.

कन्येनं मान हलवली आणि तिला रडू कोसळलं. रडत रडत तिनं सगळं सांगून टाकलं. दाढदुखीचा चेहरा, मेहुण्याच्या तीन गोष्टी, तबेल्यात न जाण्याचा हुकूम, काही म्हणजे काही ठेवलं नाही. म्हटलं ना, उघडी तिजोरी!

बाई खुर्चीवर बसल्या.

"पोरी, मी तुझी वाट बघत होते," त्या म्हणाल्या. "बदामी तुलाच द्यायचा होता मला. पण काल तू आलीच नाहीस. मला वाटलं, शाळा बंद होणार म्हटल्यावर तुझं मन उडालं." मग त्या माझ्याकडे वळल्या. "या मामांना मी अजून पक्का शब्द दिलेला नाही. मला पैसे नकोत. घोडा तुमच्या मुलीला फुकट देते. तुम्ही फक्त एकदा सरळ सांगा. हवाय का?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. कन्येनं दोन्ही हात छातीशी धरले होते. मला बदामी हवा होता हो! तिच्यासाठी हवा होता, आणि खरं सांगायचं तर थोडा माझ्यासाठीही. 'हवाय' एवढाच एक शब्द. तो घशापर्यंत आलाही होता. मी तोंड उघडलं, आणि इतक्या वर्षांची सवय त्या शब्दाच्या आधी बाहेर पडली.

"फुकट म्हणता ते ठीक आहे," मी म्हणालो, "पण त्यात काही कमी-जास्त होईल ना?"

बाई उठल्या. मेहुण्याला म्हणाल्या, "उद्या सकाळी न्यायला या." आणि गेल्या.

बदामी आता आमच्याच मागच्या शेडमध्ये असतो. मालक मेहुणा. घोड्याला रात्री एकटं वाटू नये म्हणून तोही आमच्याकडेच राहायला आला आहे, आणि जायचं काही नाव काढत नाही. कन्या रोज सकाळी मैदानावर रपेट मारते. माझ्याशी ती पुन्हा बोलू लागली आहे, बेतानं. दोघं मामा-भाची घोड्याला खरारा करतात तेव्हा मी खिडकीतून बघतो. कधी कधी बदामी मान वर करून माझ्याकडे बघतो आणि मला लाज वाटते.

परवा मी त्याच्यासाठी गाजरं आणायला गेलो. भाजीवालीनं भाव सांगितला. मी एक अक्षर न बोलता पैसे पुढे केले. तिनं पैसे घेतले नाहीत. माझ्याकडे नीट निरखून पाहिलं, आणि आवाज खाली आणून विचारलं, "साहेब, घरी कुणी आजारी आहे का?"