फुकट आलेला माणूस

बुधवारी सकाळी सूचनाफलकावर लागलेला कागद नॉर्बर्ट झास्ट्रोने तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा त्याला तो खोटाच वाटला.

'स्वेच्छा सुरक्षा संघटनेचे श्री. हार्लन लिंडक्विस्ट आजपासून तीन दिवस आपल्या कारखान्यात असतील. ते सरकारचे नाहीत, मालकांचेही नाहीत. कामगारांना इजा होऊ नये म्हणून, स्वतःची रजा टाकून, कसलाही मोबदला न घेता ते मदतीला येत आहेत. त्यांच्याशी मोकळेपणाने बोला. — ड्वेन सोबोटा, व्यवस्थापक.'

"सरकारचा नाही, मालकांचा नाही, वर फुकट आणि तेही रजा टाकून!" नॉर्बर्ट शेजारी उभ्या असलेल्या गसला म्हणाला. "अरे, नोव्हेंबरात रजा टाकून माणूस हरणांच्या शिकारीला जातो. कागदी पेल्यांच्या कारखान्यात कोण मरायला येतं?"

"मिनेसोटाचा आहे म्हणे," गस म्हणाला.

"बघ! आता आणखी काय पुरावा हवाय?"

आमच्या विस्कॉन्सिनातल्या केटल बेंडात एखादा माणूस, त्यातून शेजारच्या मिनेसोटाचा, फुकट काही द्यायला लागला, की लोक आधी त्याच्या गाडीची नंबरप्लेट बघतात. नॉर्बर्टनेही पाहिली. खरं तर ही संघटना तशी सरळ आहे. कायदा सांगतो त्याच्या चार पावलं पुढे जाऊन आपल्या माणसांना जपणाऱ्या कारखान्यांनी ती काढली. एका कारखान्यातला जाणता कामगार दुसऱ्या कारखान्यात जातो, कुठे काय चुकतंय ते दाखवतो आणि घरी जातो. लिंडक्विस्टही बिस्किटांच्या कारखान्यातला साधा मिस्त्री होता. पण हे नॉर्बर्टला पटण्यासारखं नव्हतं, कारण त्याच्या डाव्या खांद्याला ते परवडणारं नव्हतं.

झालं होतं असं. मार्च महिन्यात मालधक्क्यावरचं मोठं शटर वर ओढताना त्याच्या खांद्यात काहीतरी कट्‌कन वाजलं. तेव्हापासून डावा हात छातीपर्यंत यायचा आणि तिथेच अडून बसायचा. नॉर्बर्टने हे कुणालाही सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. एक तर दारावरच्या पाटीवर 'इजेविना १,११२ दिवस' असं लिहिलं होतं आणि दर नाताळात त्याबद्दल प्रत्येकाला घरी न्यायला डुकराच्या मांडीचा एक अख्खा हॅम मिळायचा. मागे गसने बोट चेमटल्याचं कळवलं तर पाटी शून्यावर आली, हॅम रद्द झाला आणि लोक दोन वर्षं गसला 'हॅम' म्हणूनच हाक मारत होते.

दुसरं कारण याहून भयंकर होतं. खांदा गेलेल्या माणसाला माल उचलायच्या फोर्कलिफ्टवरून उतरवून हलकं काम देतात. हलकं काम म्हणजे पेल्यांची झाकणं तपासायची खोली. आणि त्या खोलीची मुखत्यार होती व्हर्ना, नॉर्बर्टची सख्खी मेहुणी. सव्वीस वर्षं फोर्कलिफ्टवर राजासारखा बसलेला माणूस दिवसाचे आठ तास व्हर्नासमोर बसून झाकणं मोजणार! त्याला विचार करूनच घाम फुटायचा.

लिंडक्विस्ट पावणेनऊला धक्क्यावर आला. उंच, हडकुळा, गळ्यात चष्मा, हातात निळी वही. तो कुणाशी काही बोलला नाही. खांबाला टेकून वीस मिनिटं नुसता उभा राहिला, मधूनच वहीत लिहायचा, आणि मान वर केली की नेमका नॉर्बर्टकडेच बघायचा.

फोर्कलिफ्टवर चढताना माणूस डाव्या हाताने वरची दांडी धरतो आणि डावीकडून चढतो. नॉर्बर्ट मार्चपासून उजवीकडून चढत होता. त्या दिवशीही चढला, आणि लिंडक्विस्टने लगेच काहीतरी लिहिलं.

"आलाय तो माझ्यासाठीच," नॉर्बर्ट स्वतःशी पुटपुटला. त्याने मालाची पावती फाडायची कोरी वही खिशात घातली. तो आपल्यावर नोंदी ठेवतोय ना? मग आपणही त्याच्यावर ठेवायच्या. उद्या प्रकरण चिघळलं तर हाताशी काहीतरी कागद असावा, असा त्याचा हिशेब.

तेव्हापासून लिंडक्विस्ट जिथे जाईल तिथे पन्नास पावलांवर नॉर्बर्ट. तो पेले वळवायच्या यंत्रांकडे गेला की हा कागदाच्या रिळांमागे. तो जिन्याखाली वाकला की हा जिन्यावर. नॉर्बर्ट घड्याळ बघायचा, लिहायचा, पुन्हा बघायचा. लपण्याच्या बाबतीत देवाने त्याला काही दिलं नव्हतं. एकशे दहा किलोचा माणूस रिळामागे अर्धाच मावतो.

गडबड एवढीच झाली, की कारखान्यातल्या बाकीच्यांना लिंडक्विस्टची वही दिसलीच नाही. त्यांना नॉर्बर्टची दिसली.

"हॅम, अरे बघ ना," यंत्रावरच्या मिल्टनने गसच्या कानात म्हटलं, "हा नॉर्बर्ट आपल्याकडे बघून काय लिहितोय?"

"आणि परत मला हॅम म्हणालास तर बघ. थांब, मी विचारतो. काय रे नॉर्बर्ट, काय लिहितोयस?"

"काही नाही," असं म्हणून नॉर्बर्टने वही घाईघाईने छातीशी धरली. यापेक्षा वाईट उत्तर त्याला शोधूनही सापडलं नसतं.

गस तडक आपल्या यंत्राकडे गेला. त्या यंत्राच्या दात्यांवरचं लोखंडी झाकण त्याने दोन वर्षांपूर्वी काढून कोपऱ्यात टाकलं होतं, कारण ते मध्ये यायचं. ते त्याने शोधलं, पुसलं आणि चारही स्क्रू घट्ट पिळून परत बसवलं. मिल्टनने कपाळावर चढवलेला सुरक्षेचा चष्मा डोळ्यांवर ओढला. आणीबाणीच्या दारापुढे रचलेली चाळीस खोकी जेवणाच्या सुट्टीपूर्वी कुणी हलवली ते शेवटपर्यंत कळलं नाही. नॉर्बर्ट ज्या ज्या विभागातून गेला, तो तो विभाग त्याच्या पाठीमागे सुधारत गेला. त्याला मात्र याचा पत्ता नव्हता, कारण त्याचं सगळं लक्ष लिंडक्विस्टवर होतं.

जेवणाच्या सुट्टीत नॉर्बर्ट नेहमीच्या टेबलाजवळ आला, तशी पाचही माणसं आपापले डबे उचलून उठली.

"काय झालं रे?"

"काही नाही," गस म्हणाला. "आम्ही जेवताना तोंड उघडतो. ते लिहून ठेवण्यासारखं नसतं."

नॉर्बर्ट एकटाच बसून सँडविच चावत राहिला. त्याला वाईट वाटलं, आणि वाईट वाटण्याचं कारण न कळल्यामुळे जास्तच वाईट वाटलं. हे काम त्या मिनेसोटावाल्याचंच, असं त्याने ठरवून टाकलं. तेवढ्यात समोर वाढणाऱ्या बाईने लिंडक्विस्टपुढे तळलेल्या चीजची ताटली धरली आणि लिंडक्विस्ट चक्क नको म्हणाला. चीजच्या माहेरघरी, विस्कॉन्सिनमध्ये! नॉर्बर्टने ताबडतोब वही काढली.

गुरुवारी संध्याकाळी तो घरी पोचला तर आर्डिस, म्हणजे त्याची बायको, स्वयंपाकघरात हाताची घडी घालून उभी.

"व्हर्नाचा फोन आला होता. खरं सांग, तू सोबोटाचा हेर झालायस?"

"मी? हेर? हेर तो आहे!"

"तो बिचारा फुकट आलाय म्हणे."

"म्हणून तर!"

"आणि गसच्या बायकोने मला दुकानात ओळख दाखवली नाही, ते? उद्या शुक्रवार, नेहमीप्रमाणे सगळे मासे खायला जमतील, तिथे मी कुणाच्या शेजारी बसू?" आर्डिसने बटाट्यांचं भांडं दाणकन टेबलावर ठेवलं. "वरच्या फळीवरची मोठी ताटली काढ."

नॉर्बर्टने फळीकडे पाहिलं. "छोटीतच खाऊ," तो म्हणाला.

शुक्रवारी दुपारी दोन वाजता समारोपाची सभा भरली. अख्खा कारखाना उपाहारगृहात बसला होता. नॉर्बर्टच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या तेवढ्या रिकाम्या होत्या. सोबोटासाहेब खुशीत उभे राहिले.

"मित्रहो, मी तीन दिवस थक्क होऊन बघतोय. यंत्रांची झाकणं जागेवर, वाटा मोकळ्या, प्रत्येकाच्या डोळ्यांवर चष्मा! आणि हे कुणामुळे? आपल्याच एका माणसाने, कुणी न सांगता, वही घेऊन प्रत्येक विभागात नोंदी ठेवल्या. नॉर्बर्ट, ये पुढे. वाचून दाखव."

नॉर्बर्टने खिशावर हात दाबला. "साहेब, वाचायचा चष्मा विसरलोय."

"मी वाचते की," व्हर्ना उठली. ती कामगारांची प्रतिनिधी होती आणि गेले दोन दिवस या क्षणाची वाट पाहत होती. "कुणाकुणाची नावं याने लिहिलीत तेही सगळ्यांना कळू दे."

"व्हर्ना, नको—"

पण तिने वही त्याच्या खिशातून केव्हाच ओढून घेतली होती. तिने घसा साफ केला आणि न्यायालयात वाचावं तसं खणखणीत वाचायला सुरुवात केली.

"'बुधवार. आठ पंचेचाळीस. तो धक्क्यावर आला. मी उजवीकडून चढलो. त्याने पाहिलं. आठ पन्नास. त्याने लांबून हात हलवला. मी नुसती मान हलवली. हात वर करणं टाळलं. बारा दहा. चीज नको म्हणाला. माणूस विश्वासाचा नाही.'"

कुणीतरी फिसकन हसलं. व्हर्नाने पान उलटलं.

"'गुरुवार. सात दहा. शटर उघडायचं होतं, तो समोरच उभा. पोट बिघडल्याचं सांगून वीस मिनिटं संडासात बसलो. शटर दुसऱ्याने उघडलं.'" इथे तिचा आवाज जरा उतरला. "'दोन वाजता. खांदा फार ठणकतोय. मार्चपासून हात वर जात नाही. आर्डिसला सांगितलेलं नाही. या माणसाला कळलं तर फोर्कलिफ्ट जाणार. व्हर्नाच्या हाताखाली झाकणं मोजण्यापेक्षा…'"

ती थांबली.

"वाच की," गस म्हणाला.

"'…मेलेलं बरं,'" व्हर्नाने वाचलं आणि वही मिटली.

नॉर्बर्ट जमिनीकडे बघत होता. त्याचे कान लालबुंद झाले होते. सव्वीस वर्षांत त्याला इतकी लाज कधी वाटली नव्हती. गस हळूच उठला आणि त्याच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत येऊन बसला.

"लेका, सांगायचं नाही का?" तो म्हणाला.

"सांगून तुझ्यासारखा मीही हॅम होऊ?" नॉर्बर्ट पुटपुटला.

"आता माझंही ऐका," लिंडक्विस्ट उठला आणि त्याने आपली निळी वही उघडली. "'बुधवार. फोर्कलिफ्टवाला माझ्यावर डोळा ठेवून आहे. व्यवस्थापकांचा माणूस असावा. याच्यादेखत कुणाशी बोलू नये, त्यांच्या नोकऱ्यांवर येईल. गुरुवार. हा माझ्या मागे बाथरूमपर्यंत आला.'" त्याने वही खाली केली. "खरं सांगतो, मी तीन दिवस याच्यापासून लपण्यातच घालवले. बाकी माझ्याकडे एकच नोंद आहे. धक्क्यावरचं शटर उघडताना एकानेही ते सरळ ओढलं नाही. एकाने आकड्याने ओढलं, एकाने गुडघ्यावर बसून, तिसऱ्याने तर कमरेचा पट्टा अडकवून. हे का, ते मला कळलं नव्हतं."

सोबोटासाहेबांच्या नजरेसमोर पाटीवरचं शून्य आलं असावं. ते घाईने म्हणाले, "हे बघा, एकट्या नॉर्बर्टचं दुखणं. शिकारीतलं हरिण ओढताना, बर्फ उपसताना, घरीसुद्धा लचकू शकतो माणूस. तरी मी मोकळेपणाने विचारतो. आणखी कुणाचा खांदा दुखत असेल तर हात वर करा."

एकही हात वर झाला नाही.

"बघा!" साहेब लिंडक्विस्टकडे वळले.

"साहेब," लिंडक्विस्ट शांतपणे म्हणाला, "ज्यांचा खांदा गेलाय ते हात वर कसा करणार?"

क्षणभर कुणाच्या काही लक्षात आलं नाही. मग व्हर्नाच्या आलं. "उलटं विचारू," ती म्हणाली. "ज्यांचे खांदे धड आहेत त्यांनी दोन्ही हात डोक्यावर सरळ ताठ करा. चला!"

झाकणांच्या खोलीतल्या साऱ्या बायकांचे हात वर गेले. यंत्रांवरच्या माणसांचे गेले. गसचे गेले. धक्क्यावरच्या मात्र नॉर्बर्टसकट चौदा माणसांपैकी तिघांचेच हात वर होते. बाकीचे अकरा जण आपापल्या कॉफीच्या पेल्यात बघत बसले होते. त्यांतला एक मिशाळ गडी नॉर्बर्टकडे बघून ओशाळवाणं हसला आणि त्याने आपल्या कमरेच्या पट्ट्यावर थाप मारली.

सोबोटासाहेबांनीही सर्वांना उदाहरण म्हणून मोठ्या उत्साहाने दोन्ही हात वर केले होते. उजवा सरळ छताकडे गेला होता. डावा कानापाशीच थांबला होता, फोनवर बोलत असल्यासारखा. साहेब होण्याआधी ते नऊ वर्षं त्याच शटरवर होते. त्यांनी खाकरून डाव्या हाताला आणखी एकदा वर ढकललं. हात हलला नाही. सगळा कारखाना त्या हाताकडे बघत राहिला.

व्हर्नाने बोट दाखवत धक्क्यावरच्यांना मोजलं, मग सावकाश साहेबांकडे वळली.

"अकरा बाप्ये आणि बारावे तुम्ही, ड्वेन. माझ्या खोलीत खुर्च्या आहेत चार, त्यांवर माझ्या बायका बसतात. ते शटर आजच्या आज दुरुस्त करून घ्या आणि या सगळ्यांना डॉक्टरकडे पाठवा. तुमच्यातला एकही मला तिथे नकोय. आणि हा नॉर्बर्ट तर मुळीच नको!"

मेहुणीच्या तोंडून आपल्याबद्दल काही ऐकून नॉर्बर्टला बरं वाटावं, असं सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच घडत होतं.