काचेचा काय दोष?

हृदयाची झडप बदलून घरी आल्यावर पन्नासाव्या दिवशी चष्मेवाल्यानं दुकान उघडायची परवानगी मागितली. डॉक्टरांकडे नाही, बायकोकडे. डॉक्टरांनी ती आठवड्यापूर्वीच दिली होती, पण त्या घरात डॉक्टरांना विचारतो कोण!

"एका अटीवर," बायको म्हणाली. "छातीत, डोक्यात, पायाच्या अंगठ्यात, कुठंही काही वेगळं वाटलं की लगेच मला सांगायचं. आणि ज्या दिवशी सांगाल, त्या दिवसापासून दुकानाला कुलूप. सहा महिने."

आता अशी अट घातल्यावर कोण शहाणा तोंड उघडेल? शिवाय ह्या माणसाचा सगळा जीव दुकानात. ऑपरेशननंतर भूल उतरली तेव्हा लोक पाणी मागतात, देवाचं नाव घेतात. ह्यानं विचारलं होतं, "दुकानातल्या फ्रेमा कुणी पुसल्या का?"

दुकान उघडलं. बायकोही रोज सोबत येऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसू लागली. तिसऱ्या दिवशी चष्मेवाला एका गिऱ्हाइकाचा नंबर लिहून घेत होता, तर कागदावरचा मधला आकडाच गायब! त्या जागी एक चमचमता ठिपका आला. ठिपक्याची कमान झाली, कमानीला करवतीसारखे दात फुटले आणि ते दात लखलखत डावीकडे सरकायला लागले. दुखत काहीच नव्हतं. दुसरा कुणी असता तर बोंब मारत डॉक्टरांकडे पळाला असता. पण हा पडला चष्मेवाला. समोरचं वेडंवाकडं दिसलं तर दोष काचेचा, हे त्याचं तीस वर्षांचं शास्त्र. त्यानं चष्मा पुसला. मग दुसरा घातला. मग तिसरा घातला आणि दात गेले. एव्हाना वीस मिनिटं होऊन गेली होती, ते आपणहूनच जायचे होते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. पण चष्मेवाल्यानं आधीचे दोन्ही चष्मे केराच्या टोपलीत टाकले.

दोन दिवसांनी तिसऱ्या चष्म्यातूनही दात आले. म्हणजे चष्मा निर्दोष होता. मग उरली डोक्यावरची ट्यूबलाइट. त्यानं शेजारच्या सलूनवाल्याला हाक मारली.

"जरा वर बघ रे. ह्या ट्यूबला कडेनं दात आल्यासारखं दिसतंय ना?"

सलूनवाल्यानं वर पाहिलं. ट्यूब ट्यूबसारखी जळत होती. पण आठवड्यापूर्वी वहिनींनी त्याला बाजूला घेऊन बजावलं होतं, "त्यांच्या बोलण्याला विरोध करायचा नाही. त्यांच्या हृदयाला झेपायचं नाही."

"दिसतंय की," तो म्हणाला.

"डावीकडे जास्त?"

"डावीकडचं तर विचारूच नका, दादा!"

चष्मेवाल्याचा जीव भांड्यात पडला. खरं सांगायचं तर मनातून तो चांगलाच टरकला होता. नवी झडप सैल झाली की काय, आता दुकान सुटतंय की काय, अशा विचारांनी त्याला जेवण गोड लागत नव्हतं. पण ठणठणीत माणसालाही दात दिसतायत म्हटल्यावर दुखणं आपलं नाही, हे सिद्धच झालं. ट्यूब बदलली. सलूनवाल्याला नव्या ट्यूबमध्येही दात दिसले, कपाटाच्या आरशात दिसले आणि चष्मेवाल्यानं पुढे केलेल्या प्रत्येक कोऱ्या काचेत दिसले. शेवटी शेवटी तर तो न विचारताच सांगायला लागला.

मग चष्मेवाल्यानं निष्कर्ष काढला की काचांचा अख्खा मालच सदोष आहे. त्यानं काचवाल्याला फोन लावला आणि चारही खोकी परत न्यायला बोलावलं. काचवाला त्याचा जुना दोस्त, पण राहायला दुसऱ्या गावात. त्याला वहिनींनी काही बजावलेलं नव्हतं.

काचवाल्यानं खोक्यातली एक काच उजेडात धरली. "स्वच्छ आहे. कुठायत दात?"

"हे काय! आत्ता लखलखतायत!"

"मला नाही दिसत."

"ह्याला दिसतात," चष्मेवाल्यानं सलूनवाल्याकडे बोट केलं. सलूनवाल्यानं वहिनींकडे पाहिलं. वहिनी काचवाल्याला डोळ्यांनी खुणा करत होत्या. पण काचवाला पडला सरळ माणूस, त्याला वाटलं वहिनींच्या डोळ्यात कचरा गेलाय.

"चष्मा काढ," तो म्हणाला.

चष्मेवाल्यानं काढला.

"दिसतात?"

"दिसतात."

"डोळे मीट. आता?"

चष्मेवाल्यानं डोळे मिटले. वरून तळहातानं झाकूनही पाहिले.

"आतापण दिसतात," तो हळूच म्हणाला.

"मग मिटल्या डोळ्यांपुढे माझी कुठली काच आली, बाबा?"

सलूनवाला म्हणाला, "वहिनी, मला खरं तर पहिल्या दिवसापासून काहीच दिसलेलं नाही," आणि अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक वाट बघतंय म्हणून सटकला. चष्मेवाल्यानं डोळे उघडले तेव्हा बायकोच्या हातात कुलूप होतं.

डॉक्टरांनी सगळं तपासलं. "झडप उत्तम आहे. हा अर्धशिशीचाच एक प्रकार. डोकं दुखेलच असं नाही, नुसतं डोळ्यांपुढे चमकतं. हृदयाच्या ऑपरेशननंतर काही जणांना होतं, बहुतेकदा काही महिन्यांत कमी होतं. पण हातापायाला मुंग्या आल्या, जीभ अडखळली, तर तडक इकडे. आणि लपवायचं नाही!"

"आणि दुकान?" चष्मेवाल्यानं विचारलं.

"बसा की दुकानात. चमकायला लागलं की हातातलं काम वीस मिनिटं खाली ठेवा, म्हणजे झालं."

चष्मेवाल्यानं भीत भीत बायकोकडे पाहिलं. ती डॉक्टरांकडे बघत होती.

"वीस मिनिटं? आधी अक्षर गायब होतं, मग करवतीसारखे दात येतात, ते?"

"हो, तेच."

"मला तर ते लग्नापासून दिसतात."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग इतकी वर्षं बोलला कशा नाहीत?"

तिनं पदर सारखा केला. "लग्न झाल्यावर ह्यांनी स्वतःच्या हातानं मला चष्मा करून दिला. महिन्याभरात हे दिसायला लागलं. मला वाटलं, चष्माच बिघडलेला केलाय. धंदा नवीन होता. बायकोनंच नावं ठेवली तर गिऱ्हाइकं फिरकतील का?"

"अगं, आणि पुढचे चष्मे?" चष्मेवाल्यानं विचारलं.

"ते पण तसेच निघाले. म्हटलं जाऊ दे, माणूस चांगला आहे."

डॉक्टरांना हसू आवरेना. तरी त्यांनी तिचीही तपासणी लिहून दिली, आणि तीही ठाकठीक निघाली.

मग एके सकाळी दुकान तिनंच उघडलं. चष्मेवाल्यानं तिला गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं, समोर अक्षरांचा तक्ता लावला.

"तुझ्या चष्म्यातून कसं दिसतंय?"

"छान."

"अगं, खरं सांग. मला काही होत नाही."

तिनं घसा साफ केला. "चौथ्या ओळीपासून खाली सगळं पुसट."

"कधीपासून?"

"झाली असतील सहा वर्षं."

तीस वर्षांत बायकोकडून आलेली ही पहिली तक्रार. चष्मेवाल्याला इतका आनंद झाला की त्यानं काचांची पेटी उघडताना दोनदा झाकण पाडलं. "ही बघ. आता?"

"अंहं."

"आणि ही?"

"ही बरीये. पण अहो, ही फ्रेम मला कधीच आवडली नव्हती. कानामागे टोचते."

"फ्रेमपण?"

"आता विचारलंच आहे, तर सगळंच सांगते."

चष्मेवाल्यानं दुकानाचं दार आतून लोटून घेतलं आणि तिच्यासमोर स्टूल ओढून बसला.